गोळ्या किती, उंदीर किती?

महाराष्ट्राच्या विधानसभेत आजवर जी हिशेबी भाषणं झाली, त्यांत माझ्या मते पहिला नंबर उंदरांवरच्या भाषणाचा. मार्च २०१८. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं आणि बोलायला उभे राहिले होते मुक्ताईनगरचे आमदार एकनाथ खडसे. पक्ष सत्तेत, पण स्वतः दोन वर्षांपूर्वी मंत्रिपदावरून पायउतार झालेले. सत्ताधारी बाकावरचा असा अनुभवी माणूस आकडेमोड करून आला की समजावं, आज घरचा आहेर आहे आणि तो भरजरी आहे.

विषय होता मंत्रालयातले उंदीर. पाहणी केली तेव्हा तिथे ३,१९,४०० उंदीर निघाले, ते मारायला कंत्राटदाराला सहा महिन्यांची मुदत होती आणि त्यानं काम सात दिवसांत उरकलं, असं खडसे म्हणाले. मग त्यांनी भागाकार केला. दिवसाला ४५,६२८.५७ उंदीर. त्या दशांशचिन्हानंतरच्या सत्तावन्न शतांश उंदराबद्दल मला फार आदर आहे. मिनिटाला ३१.६८. उंदरांचं रोजचं वजन नऊ हजार किलोंच्या वर, म्हणजे रोज एक ट्रक भरून मेलेले उंदीर मंत्रालयाच्या फाटकातून बाहेर पडले असणार. ते कुठे नेले? कुठे पुरले? मुंबई महापालिकेला अख्ख्या शहरात सहा लाख उंदीर मारायला दोन वर्षं लागली, मग ह्यांनी निम्मं काम एका इमारतीत आठवड्यात कसं केलं? एवढ्यापेक्षा दहा मांजरी सोडल्या असत्या तरी भागलं असतं, हेही त्यांनी सुचवून टाकलं.

मांजरींची सूचना सभागृहानं हसण्यावारी नेली. विलायतेत मात्र ती अमलात आलेली आहे. १९२९ च्या जून महिन्यात ब्रिटिश सरकारनं गृहखात्याला एक ‘कार्यक्षम मांजर’ पाळण्यासाठी किरकोळ खर्चातून रोज एक पेनी खर्च करायला लेखी मंजुरी दिली. आजही पंतप्रधानांच्या घरी लॅरी नावाचा बोका २०११ पासून उंदीरमारीच्या पदावर आहे. त्याच्या डोळ्यांदेखत किती पंतप्रधान आले नि गेले. आपल्याकडे ही फाइल निघाली असती तर तिचं काय झालं असतं, ते डोळ्यांसमोर येतं. ‘मांजर या संज्ञेत बोका समाविष्ट आहे किंवा कसे’ यावर विधी व न्याय विभागाचे अभिप्राय. दुधाचं देयक कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचं यावर वित्त विभागाची हरकत. शेवटी अकरा महिन्यांच्या करारावर, बाह्यस्रोताद्वारे, दहा मांजरी. आणि त्यातल्या चार प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या विभागात.

ते असो. खरी गंमत सरकारी खुलाशात आहे. खुलासा असा आला की, ३,१९,४०० हा उंदरांचा आकडा नाहीच. तो गोळ्यांचा आहे. विषारी गोळ्या, दीड रुपयाला एक. ३,१९,४०० गुणिले दीड बरोबर ४,७९,१०० रुपये. हिशेब चोख, पैचा फरक नाही.

आणि उंदीर? उंदीर किती मेले?

ते कोणी मोजले नव्हते.

हा खुलासा ऐकून लोक हसले नि विसरले. मला मात्र त्यात आपल्या राज्यकारभाराची किल्ली सापडल्यासारखं वाटलं. सरकार गोळ्या मोजतं. किती आणल्या, कितीला आणल्या, कुठे टाकल्या, सगळं व्यवस्थित नोंदलेलं असतं. उंदीर मोजायचं काम कोणाचं, यावर मात्र अजून शासन निर्णय निघालेला नाही.

याउलट मुंबई महापालिकेचं बघा. महापालिकेवर आपण सगळे तोंडसुख घेतो, पण उंदरांच्या बाबतीत ती उजवी. तिच्या कीटकनाशक विभागात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी घेऊन लालबागच्या मसाला गल्लीच्या मागे नाहीतर दादरच्या भाजी मंडईच्या कडेला रात्रभर हिंडायचं आणि रात्रीला तीस उंदीर मारायचे. सकाळी ते मोजून द्यायचे. तीस भरले नाहीत तर त्या रात्रीच्या मजुरीचा प्रश्न. तिथे कोणी ‘मी काठी तीनशे वेळा आपटली’ असा अहवाल देऊन सुटत नाही. या दरानं हिशेब केला तर मंत्रालयाचे ३,१९,४०० उंदीर मारायला एका संहारकाला एकही सुट्टी न घेता एकोणतीस वर्षं लागली असती. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत एकच इमारत. सात दिवसांत उरकायचं तर १,५२१ माणसं काठ्या घेऊन मंत्रालयात शिरली असती, आणि मग तो मोर्चा समजून पोलिसांनी अडवला असता.

आता आमदाराला असला प्रश्न विचारायचा तर रीत काय, तेही सांगायला हवं. तारांकित प्रश्न आणि अतारांकित प्रश्न, असे दोन प्रकार. तारांकिताला मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताला नुसतं लेखी उत्तर, विषय संपला. शिवाय लक्षवेधी, कपात सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा अशी बरीच हत्यारं आहेत. पण सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत बोथट झालेलं हत्यार तारांकित प्रश्नाचंच. त्याची भाषा ठरलेली. ‘हे खरे आहे काय, असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरंही ठरलेली. ‘होय.’ ‘नाही.’ ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे.’ आणि शेवटच्या चेंडूवर षटकार: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या सेक्रेटरींना अशा प्रश्नोत्तरांची एक छापील यादी कुठूनशी मिळाली आणि तेव्हापासून चाळीची वार्षिक सभा ऐकण्यासारखी झाली. आमचे एक शेजारी आहेत, त्यांचं सगळं आयुष्य बँकेच्या हिशेबतपासणीत गेलं. गणपतीच्या जमाखर्चातला ‘किरकोळ’ हा शब्द दिसला की त्यांची चष्म्याची काडी आपोआप वर जाते. त्यांनी सभेपुढे प्रश्न ठेवला. उत्तर टंकलिखित आलं. ते असं:

(१) दुसऱ्या मजल्यावरील सामाईक संडासाची कडी गणपतीपासून तुटलेली आहे, हे खरे आहे काय?
हे अंशतः खरे आहे. कडी तुटलेली नसून निखळलेली आहे.
(२) असल्यास, रहिवाशांना आत गेल्यावर दार एका हाताने धरून बसावे लागते, हे खरे आहे काय?
अशी लेखी तक्रार समितीस प्राप्त झालेली नाही.
(३) असल्यास, कोणती कार्यवाही करण्यात आली?
नवीन कडी खरेदी करण्यात आली आहे. पावती सोबत जोडली आहे.
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.

समिती समाधानानं चहाकडे वळली. तेवढ्यात शेजाऱ्यांनी उपप्रश्न विचारला. “अहो, पण कडी कुठाय?”

कडी सेक्रेटरींच्या कपाटात होती. सहा स्क्रूंसकट. खरेदी झाली, पावती लागली, हिशेब जुळला. दारापर्यंत जायचं तेवढं राहिलं होतं.

सभागृहात आणि चाळीत फरक एवढाच की चाळीत उपप्रश्न विचारणाऱ्याला कोणी ‘खाली बसा’ म्हणत नाही, कारण उद्या सकाळी सगळ्यांना त्याच रांगेत उभं राहायचं असतं. सभागृहात अध्यक्ष महाराजांपुढे घड्याळ असतं, आणि पुढचा प्रश्न उभा असतो. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यातही पहिली वीस मिनिटं कुणीतरी वेलमध्ये उतरल्यामुळे गेलेली असतात.

पावसाळी अधिवेशनाचा आणि हिंदमाताचा मुहूर्त तर दरवर्षी जमतो. परळ-दादरच्या मधली ही जागा बशीसारखी खोल, चहूकडचं पाणी तिथे येऊन बसतं. सभागृहात प्रश्न आला की उत्तरात पंपांची संख्या असते. त्यांची ताकद असते. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्यांची क्षमता लिटरमध्ये असते. त्या टाक्यांमुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. नाहीतर मीही विरोधी पक्षातलाच व्हायचो. पण परळचा माणूस पाणी लिटरमध्ये मोजत नाही. तो घोटा, पोटरी, गुडघा आणि ‘आज ऑफिसला नाही’ अशा चढत्या मापांत मोजतो. गेल्या तीन पावसाळ्यांत गुडघ्याचा घोटा व्हायला किती तास लागले, हा प्रश्न विचारला तर पंप किती, हे सांगायची वेळच येणार नाही. असा प्रश्न मात्र मी अजून छापील यादीत पाहिलेला नाही.

ह्याच दादरमधून १९५७ साली आचार्य अत्रे आमदार म्हणून निवडून गेले होते. त्यांचं नाव आता मेट्रो तीनच्या वरळीच्या भुयारी स्थानकाला दिलेलं आहे. ते स्थानक १० मे २०२५ ला लोकांसाठी खुलं झालं आणि २६ मेच्या पावसात त्यात पाणी शिरलं. सोळा दिवस. गेल्या दहा हजार वर्षांत असं स्थानक झालं नाही, असं अत्र्यांनी ‘मराठा’त आधी लिहिलं असतं आणि सोळाव्या दिवशी तेच वाक्य, त्यातला एकही शब्द न बदलता, पुन्हा छापलं असतं.

प्रश्न विचारणाऱ्यांचीही आकडेमोड कधी कधी तपासून घ्यावी लागते. उंदरांचं प्रकरण ताजं असतानाच, त्याच मार्चमध्ये, चहाचं प्रकरण निघालं. तेव्हाचे मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष संजय निरुपम यांनी माहिती अधिकारातून आकडा आणला: मुख्यमंत्री कार्यालयाचा चहापाण्याचा खर्च २०१५-१६ मध्ये ५८ लाखांच्या आसपास होता, तो २०१७-१८ मध्ये ३ कोटी ३४ लाख झाला. म्हणजे रोज १८,५९१ कप चहा, असा त्यांचा हिशेब. शहरभर हशा. मी आपला कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ३ कोटी ३४ लाखांना ३६५ नं भागलं, मग १८,५९१ नं भागलं. कप पडला पाच रुपयांना. त्या वर्षी ठाकूरद्वारच्या नाक्यावर पाच रुपयांत कटिंग मागितला असता तर चहावाल्यानं ग्लास पुसता पुसता नुसतं बघितलं असतं. म्हणजे एवढे कप व्हायला चहा आधी फार स्वस्त धरावा लागतो. चहापाणी म्हणजे पाहुण्यांचं सगळं आदरातिथ्य, बंगल्यांवरचं आणि बैठकांचंही, असा सरकारचा खुलासा होता. त्यातही तथ्य असावं. पण दोन वर्षांत पाहुणे पावणेसहापट कसे झाले, हा साधा उपप्रश्न त्या कपांच्या ढिगाखाली गेला तो गेलाच. हशा मिळाला की आपल्याकडे विषय जिंकल्यासारखा वाटतो. खडसेंच्या बाबतीतही तेच झालं. दहा मांजरी सगळ्यांना आठवतात. सगळे लोक उंदरांवर विनोद करून मोकळे झाले, पण गोळ्या टाकल्यानंतर पुन्हा पाहणी झाली का, हे कोणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

गोळ्या सोडून उंदीर मोजायचं हे काम ज्यानं विनोद न करता केलं, तो माणूस परळचा. आणि गंमत म्हणजे त्याच्या चाळीचा इतिहासही उंदरांपर्यंत जातो. १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला. पुढच्या वर्षी हाफकिन यांनी लस काढली, ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. जिथे गव्हर्नरसाहेब राहायचे तिथे उंदीर नि त्यांच्या अंगावरच्या पिसवा यांचा अभ्यास सुरू झाला. सरकारी वास्तूचा इतका सदुपयोग नंतर क्वचितच झाला असेल. प्लेगच्या धास्तीनंच १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानं गरिबांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच चाळीतल्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून पुढे वीसेक वर्षं राहिले. त्यांचं कार्यालय जवळच, दामोदर हॉलमध्ये.

१९२७ साली मुंबई कायदे कौन्सिलात नियुक्त सदस्य म्हणून बसल्यावर त्यांनी मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केलं. त्यात त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं. तेच सरकार अबकारी करातून माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करतं. म्हणजे शाळेत जेवढं घालायचं त्याच्या अडीचपट दारूच्या गुत्त्यातून काढायचं. पुढे त्यांनी शाळा किती उघडल्या हे विचारलंच नाही. शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत किती पोचतात, हे सांगितलं. अठरा.

अर्थशास्त्राच्या दोन डॉक्टरेट मिळवलेला माणूस कोटींच्या भाषेत सहज बोलू शकला असता. पण आणे-पैच्या हिशेबाचं उत्तर मागितलं की ‘अंशतः खरे आहे’ म्हणायला जागा उरत नाही. शेजारच्या खोलीतल्या गिरणी कामगारालाही तो भागाकार पडताळून पाहता आला असता, आणि मंत्र्यांनाही ते ठाऊक असणार.

मी हा प्रयोग आमच्या चाळीत करून पाहिला. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारनं पुरवणी मागण्या मांडल्या होत्या, ९४,८८९ कोटींच्या. पुरवणी म्हणजे मूळ अर्थसंकल्पात न बसलेल्या. हा आकडा सभेत वाचला तेव्हा कोणाची पापणी हलली नाही. नऊशे कोटी म्हटलं असतं किंवा नऊ लाख कोटी, तरी लोकांनी तसंच ‘हं’ म्हटलं असतं. मग २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येनं भागून सांगितलं: माणशी साधारण ८,४०० रुपये. तान्ह्या बाळापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत प्रत्येकी. लोक जरा सावरून बसले. साठ बिऱ्हाडं, घरात चार माणसं धरली, तर आपल्या एका चाळीच्या नावावर वीस लाखांच्या वर. हे ऐकल्याबरोबर मागून आवाज आला, “कुठायत?”

लाडक्या बहिणीचे दीड हजार आमच्याकडे येतात, असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच स्पष्ट केलं, आणि ते बरोबरच आहे. त्या मागण्यांतला मोठा वाटा त्या योजनेचाच होता. मग उरलेल्याचं काय, यावर अर्धा तास चर्चा झाली. अध्यक्ष नव्हते, वेल नव्हती, तरी गोंधळ झाला. कोणी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचा विषय काढला. १९६९ च्या कायद्यापासून आपण उपकर भरतो आणि बदल्यात जिन्याखाली टेकू मिळतो. टेकू किती लावले याची आकडेवारी नक्की मिळेल, पण त्यांपैकी किती इमारतींचे टेकू पुढे काढता आले, असा प्रश्न कोणी विचारलाय का? सेक्रेटरी म्हणाले, बाब विचाराधीन आहे. या वेळी त्यांनाच हसू आलं.

आमदारांचा कैवार घ्यायचा तर एवढं म्हणेन की, त्यांचंही अवघड असतं. सकाळी एक जण गटारावरचं झाकण मागतो, दुपारी दुसरा रुग्णालयातली खाट, संध्याकाळी तिसरा शाळेतला प्रवेश, आणि रात्री चौथा मांडवाला देणगी. ही सगळी नगरसेवकाची कामं, पण २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा झाकणासकट सगळं आमदारांच्या दारात आलं. दिवसभर झाकणं शोधणाऱ्या माणसानं रात्री अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं उघडावीत, ही अपेक्षा जड आहे. त्यात आपण त्यांना मतं देतो ती झाकणांवर. मागण्यांवरच्या भाषणासाठी आमदार पुन्हा निवडून आला, असं परळ-लालबागला मी तरी ऐकलेलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. महाराष्ट्र विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात. फुकट असतात. अधिवेशन झालं की एखाद्या संध्याकाळी मालिका बंद करून त्या उघडा आणि आपल्या आमदाराचं नाव शोधा. नाव असेल तर काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते वहीत उतरवून घ्या. नसेल तर तेही उतरवा. पुढच्या गणपतीत आमदार चाळीत आरतीला येतील, तेव्हा नारळ-शाल देऊन झाल्यावर, फोटो निघण्याआधी, ती वही काढा आणि उपप्रश्न विचारा.